फ्रेशर्सचे रेझ्युमे वाचून डोकं फिरलंय, आयटीवाल्यांनो जरा इकडे या

मंजिरी_ऐरोली

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय. आमची छोटी कंपनी आहे ऐरोलीला, मालवाहतूकवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे कुठला ट्रक कुठे पोचला, बिल्टी (मालाची पावती) निघाली का, डिझेलचा हिशोब असलं सगळं. बॅकएंडला ज्युनिअर पोरंपोरी घ्यायचीयेत. अट काय तर जावा आणि एसक्यूएल बऱ्यापैकी यायला हवं, बाकी आम्ही शिकवू. एचआरचं माणूस आमच्याकडे एकच आणि ती पगार, पीएफ, मेडिक्लेम यातच बुडालेली, त्यामुळे रेझ्युमे चाळायचं काम माझ्या गळ्यात आलंय आणि हल्ली मी ट्रेनमध्ये, जेवताना, रात्री ओटा आवरल्यावर रेझ्युमेच वाचत असते.

फाइलच्या नावापासूनच सुरुवात होते. 'न्यू फायनल रेझ्युमे कॉपी तीन'. एकाच्या फाइलवर मित्राचं नाव, आत ऑब्जेक्टिव्हमध्ये तिसऱ्याच कंपनीचं नाव. मग ते 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट', जे शब्दाला शब्द सगळ्यांचं सारखं. मग स्किल्सच्या निळ्या पट्ट्या, जावा ऐंशी टक्के, पायथन नव्वद टक्के. एकाला मी विचारलं की उरलेलं वीस टक्के जावा कुठलं येत नाही, तर म्हणाला मॅम ते टेम्प्लेटमध्येच तसं होतं. शेवटी डिक्लरेशन, वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, आणि हॉबी म्हणजे लिसनिंग म्युझिक.

हे सगळं चालवून घेईन हो मी. प्रोजेक्टचं काय करू? दर दुसऱ्या रेझ्युमेत नेटफ्लिक्स क्लोन आणि घरांच्या किमतीचं प्रेडिक्शन. ते किमतीवालं म्हणजे बॉस्टनचा जुना डेटासेट. हा डेटासेट पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीच्या १.२ व्हर्जनपासून काढून टाकलाय, कारण त्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला एक कॉलम होता आणि त्यावरून बरीच टीका झाली. म्हणजे आज नवं इन्स्टॉल करून तो कोड चालवला तर पहिल्या ओळीतच एरर येतो. तरी लोक 'गेल्या सेमिस्टरला केलं' म्हणून लिहितात. एका मुलाला म्हटलं स्क्रीन शेअर कर आणि रन कर, एरर आला, तर शांतपणे म्हणाला माझ्या लॅपटॉपवर चालतं. अरे मग हा कोणाचा लॅपटॉप आहे?

आणि वर तोरा. पहिला राउंड व्हायच्या आधी विचारणार हायब्रिड आहे ना, मॅकबुक देता का, सहा महिन्यांनी अप्रेझल होतं का. ऑफर घेतात, हो म्हणतात, जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. एकदा तर मुलाच्या आईचा फोन आला की त्याला दुसरीकडे पन्नास हजार जास्त मिळतायत, तुम्ही काही वाढवाल का. आईशी मी सीटीसीची घासाघीस करत होते, ऑफिसात सगळे हसत होते.

तुमच्याकडेही हेच आहे का? की माझ्याच नशिबी ही रत्नं येतायत?

केटी_किंग

जागा पकडून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

एचआर_बाई_ठाणे

मंजिरी, ये आपण गळ्यात गळे घालून रडू. मी पंधरा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, वागळे इस्टेटपासून मालाडपर्यंत सगळीकडे काम केलंय. तुझ्या यादीत माझी भर अशी की हल्ली व्हिडिओ इंटरव्ह्यूला उमेदवार प्रश्न ऐकून 'दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन' म्हणतो, मग चार सेकंद शांतता, मग डोळे डावीकडून उजवीकडे सरकायला लागतात. चॅटजीपीटीचं उत्तर वाचतोय हे आम्हाला दिसतं रे बाबांनो! परवा एकाने उत्तर वाचताना मधला मथळाही वाचला.

पण एक गोष्ट फ्रेशर वाचत असतील तर सांगते. ते दोन कॉलमचे, फोटोवाले, रंगीत पट्ट्यांचे टेम्प्लेट दिसायला छान असतात, पण बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम असले की काही सॉफ्टवेअर डावी-उजवी ओळ एकत्र करून खिचडी करतं, आणि स्किल्स चित्रात असतील तर ती त्याला दिसतच नाहीत. साधा एक कॉलम, साधा फॉन्ट, एक पान. फोन नंबर तपासून टाका, दर महिन्याला दोन-तीन लोकांचे नंबर एक आकडा चुकलेले असतात आणि मग तेच लिंक्डइनवर लिहितात की एचआर घोस्ट करतात. आणि नोकरी पोर्टलवर प्रोफाइल एकदा टाकून झोपू नका, अधूनमधून अपडेट करा, आम्ही शोधतो तेव्हा ॲक्टिव्ह असलेले आधी बघतो.

आणि खोटा अनुभव तर अजिबात नको. कोणीतरी 'कन्सल्टन्सी' पैसे घेऊन दोन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर देते, पगाराच्या स्लिपा देते. आम्ही यूएएनवरून (पीएफ खात्याचा नंबर) पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागतो, तिथे काहीच नसतं. मग रडारड. बॅकग्राउंड चेकमध्ये खोटं सापडलं की जॉइन झाल्यावरही घरी पाठवतात आणि ते मागे लागतंच.

विरार_स्लो

मंजिरीताई, राग मानू नका पण हा धागा दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे निघतो आणि दरवेळी पोरांनाच झोडतात. जरा दुसरी बाजू बघू.

मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज २०१० च्या आसपास तीन-सव्वातीन लाख होतं. आज साडेतीनच्या आसपास आहे. दीड दशकात वडापाव कितीला होता आणि कितीला झाला, ऐरोली-घणसोलीला पीजीचं भाडं कुठून कुठे गेलं, इंजिनिअरिंगची फी कुठे गेली, हे काढा. साडेतीन लाखात पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स सगळं धरलेलं असतं, हातात पडतात वीस-बावीस हजार. त्यात पोरगा मॅकबुक मागतो म्हणून आपण हसायचं.

एथिक्सचं म्हणाल तर २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना विचारलं की साडेतीनवर येता का. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचच्या पोरांना ऑफर देऊन दोन वर्षं ताटकळत ठेवलं, २०२४ च्या शेवटी घेतलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेच्या वर ट्रेनींना परीक्षेत नापास म्हणून काढलं. २०२५ च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांच्या वर लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं. हे सगळं पेपरात आलेलं आहे. कंपनीने ऑफर पुढे ढकलली की 'मार्केट कंडिशन', पोराने ऑफर सोडली की 'एन्टायटलमेंट'. वा रे वा.

आणि वर नारायण मूर्ती २०२३ ला म्हणाले आठवड्याला सत्तर तास करा, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे चेअरमन म्हणाले नव्वद तास, रविवारीसुद्धा या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार. ज्यांना ऑफिसला जायला गाडी येते त्यांनी बोलावं. मी विरारहून ऐरोलीला जायचो. विरार-दादर, दादर-ठाणे, ठाण्याला प्लॅटफॉर्म नऊ-दहावर जाऊन ट्रान्सहार्बर. एका बाजूला दोन तास धरा आणि मध्य रेल्वेचा लोचा झाला तर देव जाणे. अशा पोराने हायब्रिड आहे का विचारलं तर तो तोरा? तो हिशोब आहे.

केटी_किंग

विरारवाल्यांना एकच सल्ला, ऐरोली सोडा, लग्न वसईतच करा, निदान तिकडे तरी चेंज नको.

बाकी विरार_स्लो दादांना फुल टू अनुमोदन. रच्याकने (बाय द वे), २०२४ मध्ये कॉग्निझंटचं ते अडीच लाखवालं पॅकेज विसरलात. त्यावर मीम्सची नुसती लाट आली होती.

एचआर_बाई_ठाणे

@केटी_किंग ते दोन लाख बावन्न हजारवालं इंजिनिअर्ससाठी नव्हतं, तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांसाठी होतं, कंपनीने तसा खुलासा केला होता. मीममध्ये ते कोणी लिहीत नाही.

शून्य_अनुभव

तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांसाठी म्हणजे माझ्यासाठीच की. बीएससी आयटी, मुंबई युनिव्हर्सिटी, अंबरनाथ. वाचतोय सगळं. चालू द्या.

जुना_कोबोली

जरा उशिरा आलो, नातू मोबाइल सोडत नव्हता. मी नव्वदच्या दशकात सीप्झमध्ये होतो, मेनफ्रेम म्हणजे जुने मोठे संगणक, आणि त्यांची भाषा कोबोल. आमच्या वेळी सगळे फार प्रामाणिक आणि मेहनती होते असं म्हणायला मला आवडलं असतं पण ते खरं नाही.

वाय-टू-केच्या वेळी काय चाललं होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच आकडे ठेवलेले, ९९ नंतर ०० आलं की मशीनला ते १९०० वाटणार, म्हणून अमेरिकेला माणसं हवी होती आणि ती पटापट हवी होती. मग काय, तीन महिन्यांचा क्लास केलेला पोरगा पाच वर्षांचा अनुभवी म्हणून विमानात बसायचा. रेझ्युमे एजंट लिहायचा, पोराला मुंबई एअरपोर्टवर पाठ करायला द्यायचे. त्यातले काही आज मोठाल्या पदांवर आहेत आणि तरुण पिढीच्या वर्क एथिक्सवर भाषणं देतात. नावं घेत नाही.

फरक काय होता सांगतो. तेव्हा तो पोरगा खोटं बोलून आत शिरला तरी आत त्याला शिकायला रद्दड काम भरपूर होतं. सहा महिने नुसते तारखेचे फील्ड शोध, दोनाचे चार आकडे कर, टेस्ट कर, रिपोर्ट लिही. कंटाळवाणं काम, पण त्यात माणूस दुसऱ्याचा कोड वाचायला शिकायचा. आता ते पहिल्या पायरीचं काम एआय करतो म्हणतात. मग नवा माणूस शिकणार कुठे? तुम्हाला दोन वर्षांचा अनुभव असलेला फ्रेशर हवाय आणि तो कुठेच तयार होत नाहीये. जुहूला एनसीएसटी ही सरकारी संगणक संस्था होती, आता सीडॅक, तिथून आलेली मुलं आम्ही डोळे झाकून घ्यायचो, कारण तिथे हात काळे करून घ्यायचे. असल्या जागा किती उरल्या?

मंजिरी_ऐरोली

काका, तुमचा मुद्दा पटतो. विरार_स्लो, तुमचा पगाराचा मुद्दाही शंभर टक्के मान्य, आणि आमच्याकडे पॅकेज बऱ्या कंपन्यांपेक्षा फार वेगळं नाही हेही सांगते, उगाच मोठेपणा नको. प्रवासाबद्दल विचारणाऱ्यांवर माझा राग नाहीच, मी स्वतः डोंबिवलीची आहे. ऑफर सोडली तरी राग नाही, पण सोडतोय एवढा एक मेसेज टाका, आम्ही त्या जागेसाठी दुसऱ्याला नाही म्हणून बसलेलो असतो. तो दुसराही कोणीतरी अंबरनाथचाच पोरगा असतो.

पण रेझ्युमे आणि पगाराचा संबंध मला कळत नाही. पगार कमी आहे म्हणून एसक्यूएलमधलं जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, येत नाही, असं कसं? मी फार अवघड विचारत नाही. दोन टेबलं देते, ग्राहक आणि ऑर्डर. सगळे ग्राहक दाखव, ज्यांनी ऑर्डर दिली नाही तेही, आणि ऑर्डरची रक्कम फक्त या वर्षीची घे. पोरं लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारं) लावतात, ते येतं, पण वर्षाची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या गाळणीत टाकतात. मग ऑर्डर नसलेले ग्राहक गायब. मी विचारते हे का गायब झाले, आणि इथे मला उत्तर नको असतं, मला बघायचं असतं की हा डोकं खाजवतो का. बहुतेक जण डोकं खाजवत नाहीत. म्हणतात मॅम सिंटॅक्स बरोबर आहे.

केटी_किंग

अट ऑनमध्ये, म्हणजे जोडतानाच टाकायची ना? व्हेअरमध्ये टाकली की नल (रिकाम्या) असलेल्या ओळी उडतात आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या ओळी) होतो. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली तेव्हा कळलं हे, प्रॉडक्शनला रिपोर्ट चुकल्यावर. म्हणजे मंजिरीताईंच्या इंटरव्ह्यूत मीपण नापास.

मास्तर_चेंबूर

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. कॉलेजचं नाव विचारू नका, नोकरी टिकवायचीय.

मंजिरीताईंनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते आमच्या सबमिशनमध्ये आहे. आमच्याकडे दर सेमिस्टरला प्रत्येक विषयाची जर्नल असते, एक्स्पेरिमेंट दहा, राईट-अप, कोड, आउटपुट, कन्क्लुजन. मागच्या बॅचची जर्नल पुढची बॅच उतरवते, आउटपुटच्या स्क्रीनशॉटमध्ये सीनिअरच्या लॅपटॉपवरचं सीनिअरचं नाव तसंच राहतं, आणि मी सही करतो. का करतो? एका बॅचला वीस मुलं, चार बॅच, शिवाय नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, ॲडमिशनची ड्युटी, पेपर तपासणी. नाही सही केली तर मुलगा डिफॉल्टर, मग पालक, मग प्रिन्सिपॉल. व्हायवाला एक्स्टर्नल येतात, जेवतात, प्रत्येकाला दोन प्रश्न, पंचवीसपैकी एकवीस.

आठ सेमिस्टर हे केल्यावर मुलाला शेवटी रेझ्युमे लिहायला सांगतात. त्याच्या दृष्टीने ती आणखी एक जर्नल आहे. सीनिअरकडून घ्यायची, नाव बदलायचं, सबमिट करायची. त्यात स्वतःचं काही लिहायचं असतं हे त्याला कोणी कधी विचारलेलंच नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट तर सरळ विकत मिळतो, रिपोर्ट आणि पीपीटीसकट, आणि मुलं ग्रुपमध्ये पैसे वाटून घेतात. प्लेसमेंट सेलवाले वर सांगतात साठ टक्के थ्रूआउट आणि केटी (राहिलेला विषय) नको, बाकी कंपनी बघून घेईल. मुलांचं सगळं लक्ष पॉइंटरवर, म्हणजे ग्रेडच्या सरासरीवर.

तुम्ही याला आळस म्हणता. मला तसं दिसत नाही. हीच मुलं कॉलेज फेस्टला तीन रात्री जागून स्टेजचं लायटिंग करतात, स्पॉन्सर आणतात, पोलिसांची परवानगी काढतात. ते एकाच्याही रेझ्युमेत नसतं. विचारलं तर म्हणतात, सर ते टेक्निकल नाही ना.

विरार_स्लो

मास्तर, उभं राहून टाळ्या. पण मग सही का करता हो, एक वर्ष नका करू.

मास्तर_चेंबूर

@विरार_स्लो कॉन्ट्रॅक्टवर आहे मी. अकरा महिन्यांचं असतं ते. पुढचं तुम्ही समजून घ्या.

शून्य_अनुभव

बोलू का आता. सगळे सीनिअर दिसताय.

मी मागच्या वर्षी पास झालो. पॉइंटर बरा आहे, एकच केटी लागली होती ती पण सुटली. तेव्हापासून अप्लाय करतोय, मोजणं सोडून दिलंय. नव्वद टक्के ठिकाणी काहीच उत्तर नाही, ना हो ना नाही. इंटर्नशिप शोधली तर म्हणाले आधी पाच हजार भरा मग सर्टिफिकेट देऊ. एका स्टार्टअपने असाइनमेंट म्हणून अख्खं ॲडमिन पॅनल बनवून घेतलं, शनिवार-रविवार बसून केलं, सोमवारपासून फोन उचलत नाहीत. अंधेरीत एका ठिकाणी म्हणाले दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्कशीट आमच्याकडे ठेवायची, बाबा म्हणाले मुळीच नको. आणि तुम्ही म्हणताय आम्हाला तोरा आहे.

माझ्या रेझ्युमेत पण नेटफ्लिक्स क्लोन आहे. यूट्यूब बघून केला. का टाकला तर सगळे टाकतात म्हणून. दुसरं टाकणार काय, अनुभव शून्य आहे, आयडी बघा.

एचआर_बाई_ठाणे

ओरिजिनल मार्कशीट कधीच कोणाकडे ठेवायला देऊ नकोस, बाबा बरोबर बोलले. झेरॉक्स द्यायची आणि ओरिजिनल दाखवून परत आणायची. इंटर्नशिपसाठी पैसे मागणारे तर सरळ ब्लॉक कर.

मंजिरी_ऐरोली

@शून्य_अनुभव, तुझ्यावर नाहीये रे राग. ती असाइनमेंटवाली स्टार्टअप चोरच म्हणायची. एक सांग, पास झाल्यापासून दिवसभर करतोस काय? नुसतं अप्लाय तर कोणी करत नाही.

शून्य_अनुभव

लीटकोडवर कोडिंगचे प्रश्न सोडवतो थोडे. बाबांच्या दुकानात संध्याकाळी बसतो. आणि सोसायटीची बिलं काढतो महिन्याला, ते काही विशेष नाही.

जुना_कोबोली

थांब. बिलं काढतो म्हणजे काय करतो, नीट लिही.

शून्य_अनुभव

आमची सोसायटी शंभरेक फ्लॅटची आहे आणि खाली दुकानं. खजिनदार काका वहीत लिहायचे, मग एक्सेलमध्ये करायला लागले आणि त्यात फॉर्म्युला ओढताना दर महिन्याला काहीतरी उडायचं, सभेत भांडणं. मी आधी मॅक्रो लिहिला, मग तोही अडकायला लागला म्हणून पायथन आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये केलं. प्रत्येक फ्लॅटचे सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पाणी, पार्किंग वेगवेगळं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागतो, तो सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. थकबाकीवर व्याज आमच्या सोसायटीच्या उपविधीत वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत आहे पण ते सरळव्याज आहे, काका व्याजावर व्याज लावत होते, एका आजींचं त्यामुळे बरंच जास्त झालं होतं. मी जुन्या वह्यांवरून परत मोजलं आणि जास्त घेतलेले पैसे पुढच्या बिलात वळते केले. काका महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. आता पीडीएफ निघतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतो, ते अजून हातानेच.

केटी_किंग

भावा. तू हे रेझ्युमेत टाकलं नाहीस??

शून्य_अनुभव

ते सोसायटीचं काम आहे ना. आई म्हणाली कर म्हणून केलं. पैसे पण नाही घेतले.

विरार_स्लो

आणि इथे लोक नेटफ्लिक्स बनवतायत.

मंजिरी_ऐरोली

अरे देवा. मी काय म्हणत होते गेले चार दिवस? मला हेच हवंय. जुना डेटा चुकीचा होता, नियम काय आहे तो शोधला, मागचं दुरुस्त केलं, माणूस रागावला तरी सोडलं नाही, आणि शंभर घरं ते दर महिन्याला वापरतायत. आमच्याकडे पण ट्रकवाल्यांचा हिशोब हाच असतो, डिटेन्शन (ट्रक अडकून राहिल्याचा आकार) कुठल्या दिवसापासून लावायचं यावर रोज भांडणं.

नेटफ्लिक्स काढ. ऑब्जेक्टिव्ह काढ. पट्ट्या असतील तर त्या काढ. वर नाव, फोन, ईमेल, गिटहबची (तिथे कोड ठेवतात) लिंक. त्याखाली पहिलं हेच, सोसायटी बिलिंग, चार ओळीत. कोणासाठी केलं, आधी काय होत होतं, तू काय केलंस, आता काय होतं. फ्लॅटवाल्यांची नावं, नंबर, थकबाकी गिटहबवर चुकूनही टाकू नकोस, खोटा डेटा बनवून टाक. आणि एका रात्रीत सगळा कोड एकाच कमिटमध्ये (एकाच नोंदीत) चढवू नकोस, मी तेच आधी बघते.

मास्तर_चेंबूर

आणि बाबांच्या दुकानात बसतोस तेही लिही, एका ओळीत. संध्याकाळी गिऱ्हाईक सांभाळतो हे कोणाला वाईट दिसत नाही.

एचआर_बाई_ठाणे

दुकानाचं मी म्हणेन खाली लिही, टेक्निकल रोलला वर नको. पण लिही.

शून्य_अनुभव

असं लिहिलंय, बघा.

'सोसायटी बिलिंग सिस्टीम. शंभर फ्लॅट आणि दुकानांची मासिक मेंटेनन्स बिलं. पायथन, एसक्यूलाइट. थकबाकीवरचं व्याज उपविधीप्रमाणे सरळव्याजाने मोजतं, आधीच्या नोंदींतली चुकीची आकारणी शोधून पुढच्या बिलांत वळती केली. दर महिन्याला वापरात.'

इंग्रजीत करून टाकतो. कोड थोडा घाण आहे पण.

जुना_कोबोली

छान आहे. बँकेतला कोड बघितला असतास तर तुझा मंदिर वाटला असता तुला.

मंजिरी_ऐरोली

चांगलं झालंय. दुकानांचा रेट वेगळा असणार ना, तो कसा हाताळलायस? आणि मध्येच फ्लॅट विकला गेला तर जुनी थकबाकी कोणाच्या नावावर राहते?

शून्य_अनुभव

विकला गेला तर नवीन मालकाच्या नावाने फ्लॅट नंबर तोच ठेवून जुनं बाकी पुढे ओढतो, पण ते बरोबर आहे का माहीत नाही, एनओसीच्या आधी काका वसूल करून घेतात म्हणून अजून वेळ आली नाही. आणि दुकानांचा रेट हार्डकोड आहे, म्हणजे कोडमध्येच आकडा लिहिलाय.

केटी_किंग

हार्डकोड, हाहाहा. आता कसा इंजिनिअर वाटतोस.

मंजिरी_ऐरोली

हार्डकोड काढायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, आधी पाठव. रेट बदलला तर काय करशील ते मात्र विचारणार मी, आणि वर लेफ्ट जॉइनचं उत्तर फुटलंय त्यामुळे प्रश्न दुसरा असेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्यात माझा ऑफिसचा ईमेल आहे. पॅकेज, बाँड नाही, आठवड्याला तीन दिवस ऑफिस, हे सगळं त्यात लिहिलंय, आधी घरी वाच आणि मग ठरव. अंबरनाथहून ठाणे बदलून ऐरोली आहे, तेही धर हिशोबात.